अर्धं औषध

चंद्रपूर
१० फेब्रुवारी २०२५

चि. कांतास, जयभीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल, रविवारी ९ फेब्रुवारीला, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी तुझा निकेश माझ्या दारात आला. तांदळाचं पोतं ठेवलं आणि त्यावर मी तुला दिलेल्या हार्मोन जेलच्या तीन ट्यूबा. दोन सीलबंद, एक अर्धी. चिठ्ठी नाही. आईचा निरोप विचारला तर म्हणाला, काहीच नाही. चहासुद्धा न घेता गेला.

ऑक्टोबरात इथल्या दीक्षाभूमीच्या कार्यक्रमाला आलीस तेव्हा पंख्याखाली बसूनही तुझा ब्लाउज पाठीला चिकटला होता. पाळी गेल्यापासून धड झोप नाही, असं सांगताना रडलीस. मी नऊ वर्षं वापरते ते जेल तुला दिलं, दंडावर कसं चोळायचं ते दाखवलं. आता कोणत्या शेजारणीनं कान भरले? कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आम्हाला शिकवलं, वस्तू परत करायची तर कारण सांगून करावी. तुझ्या जिल्हा परिषदेच्या शाळेत हा धडा नव्हता वाटतं.

तांदूळ मात्र चांगला आहे.

रागावलेली, तरी तुझीच मोठी बहीण,
नंदिनी

नागभीड
१४ फेब्रुवारी २०२५

ती. नंदिनीबाईस, सप्रेम जयभीम. वि. वि.

बाई, आमच्या घरी फोन स्पीकरवरच चालते, म्हणून लिहून राह्यली. शेजारणीचं काई नाई. जेलनं फरक पडला, खोटं काऊन बोलू? पंधरा दिवसांत मले झोप लागली. आमचे हे म्हणत, आता तुझ्या घोरण्यानं माझी झोप गेली.

जानेवारीत पाळी पुन्हा आली, दीड वर्षानं. मी मनात हसली, म्हटलं, बाईनं मले जवान केलं. बारा दिवस झाले तरी थांबेना. तवा ब्रह्मपुरीच्या डॉक्टरीणबाईकडे गेली. त्या लय रागावल्या. म्हणाल्या, एकटं जेल गर्भपिशवी काढलेल्या बाईले चालते. पिशवी असंन तं सोबत दुसऱ्या हार्मोनची, प्रोजेस्टेरॉनची गोळी लागतेच, नाईतं आतलं अस्तर जाड होते. त्याचा तुकडा तपासाले पाठवला. कॅन्सर तं नाई ना, ते पाहाचं आहे. रिपोर्ट २४ तारखेले. कोणं दिलं, असं विचारलं, पण मी तुझं नाव घेतलं नाई.

ट्यूबा फेकाचं मन झालं नाई, अन् चिठ्ठीत काय लिहू ते सुचलं नाई. पण बाई, तूही एकटंच जेल लावते ना? तुले कोणं गोळीचं सांगितलंच नसंन. लवकर दाखवून घे. मले तुझीच धाकधूक लागली आहे.

तुझी लहानी,
कांता

चंद्रपूर
१८ फेब्रुवारी २०२५

कांता,

मला गोळी लागत नाही. २०११ मध्ये नागपूरला माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, असं मी सगळ्यांना सांगितलं. माझं पित्ताशय शाबूत आहे. गाठी झाल्या म्हणून गर्भपिशवी काढली होती. घरी आल्यावर तू आठ दिवस माझ्या उशाशी बसलीस, बिनतेलाचं वरण भरवलंस. मी ते गपचूप खाल्लं आणि तुलाही खरं सांगितलं नाही. लग्न केलं नाही म्हणून बायका आधीच बोलत. हे कळलं तर काय म्हणतील, याची मला भीती वाटली. मला मास्तरणीला, जिच्या तोंडाला अख्खी शाळा भ्यायची!

जेल देताना डॉक्टर म्हणाले होते, तुमची पिशवी काढली आहे म्हणून एवढंच पुरे. तुझ्या हातात ट्यूब ठेवताना ते वाक्य मला आठवलं होतं, कांता. तुला सांगायचं तर ऑपरेशनचंही सांगावं लागलं असतं. मनाशी म्हटलं, एवढ्यानं काय होतंय. आणि गेल्या पत्रात तुलाच तुझी शाळा काढून बोलले.

डॉक्टरीणबाईंना माझं नाव सांग, सगळं सांग. पुढे जेल आणि गोळी दोन्ही, की हार्मोनशिवायचं काही, ते त्या ठरवतील. पण घाबरून पुन्हा जागत बसू नकोस.

लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही. उत्तर तेवढं मागते. रिपोर्टात काय आलं आणि मी तिकडे यावं की नाही, दोन्ही मला शुक्रवार, २८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत लेखी मिळालं पाहिजे. येऊ नको म्हणायचं असेल, तर तेही तुझ्याच अक्षरात हवं.

नंदिनी