रॅशगार्ड अकरा की बारा

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (डाव्या गुडघ्याला पट्टी असल्यामुळे त्यातलं एक अंग वजा धरावं. बाकीची सात ठीक आहेत.) तुझी तब्येत बरी आहे असं मी धरून चालते, कारण तू कळवत नाहीस. माझ्या मागच्या तीन पत्रांना मिळून तुझं एक उत्तर आलं, आणि त्यात "बरं आहे. जेवत जा" एवढाच मजकूर होता. मी जेवते. तिथल्या रुग्णालयाशी तुझा असलेला नर्सच्या नोकरीचा वर्षाचा करार या महिनाअखेरीस संपतो, हे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तूच लिहून गेली आहेस. पुढे तिथेच राहणार की परत येणार, याबद्दल मी काही विचारणार नाही. हे पत्र पूर्णपणे रॅशगार्डविषयी आहे.

झालं असं की आपल्या जिउ-जित्सूच्या वर्गातल्या बायकांनी सगळ्यांसाठी लढताना अंगात घालायचे एकसारखे रॅशगार्ड मागवायचं ठरवलं, आणि निवड करायचं काम वस्तादांनी माझ्यावर टाकलं. कारण काय, तर मी कापडं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. "घट्ट बसतं का आणि फाटत नाही ना, एवढं बघ," ते म्हणाले. एवढं बघायला इंजिनियर कशाला लागतो, हे मी विचारलं नाही. चार दुकानदारांकडून प्रत्येकी दोन नमुने आणवले, एक अंगात घालायला आणि एक कापायला. त्यांना क, ख, ग, घ अशी अक्षरं दिली आणि एक तक्ता केला. (वस्तादांनी तक्ता पाहिला आणि हा आपल्याला परीक्षेला आहे का, असं विचारलं.)

नमुना क दिसायला उत्तम. पण चटईवर पाठ टेकून एकदा कंबर फिरवली की तो पोटावरून वर चढतो तो थेट काखेत जाऊन बसतो. पाच मिनिटांच्या एका फेरीत मी तो अकरा वेळा खाली ओढला, आणि त्यातल्या नवव्या वेळी बेकरीवालीने माझा हात पकडून मला हरवलं. नमुना ख निळा होता. म्हणजे सुरुवातीला होता. घामाबरोबर तो निळेपणा जो सुटला तो थेट वकीलबाईंच्या मानेवर गेला, कारण मी त्यांना मागून गळ्याला धरलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या तशाच न्यायालयात उभ्या राहिल्या. न्यायाधीशांनी, बाई, घरी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली. वकीलबाई म्हणाल्या, "घरी ठीक आहे, साहेब, हे एका मुलीने केलंय." त्यानंतर त्यांना काय काय खुलासे करावे लागले ते त्या सांगत नाहीत, पण माझ्याशी जोडी लावायलाही त्या आता तयार नसतात.

जोडीवरून आठवलं. तू गेल्यापासून तुकडीत आम्ही अकराजणी उरलो आहोत. अकराच्या जोड्या लागत नाहीत, हे सांगायला प्रयोगशाळा नको. प्रत्येक फेरीत एक जण बाहेर बसते. मी घड्याळ धरते म्हणून सांगितलं आणि बहुतेक वेळा मीच बसते. घड्याळ भिंतीवरही आहे, पण ते कोणी अजून माझ्या लक्षात आणून दिलेलं नाही. तुझी वाक्यं मात्र वर्गात अजून चालू आहेत. लहान मुलांच्या वॉर्डात इंजेक्शन देताना तू जे म्हणायचीस, तेच समोरचीचा हात पिरगाळताना म्हणायचीस ना, "काही होत नाही हं बाळा, मुंगी चावल्यासारखं वाटेल," ते आता बेकरीवाली म्हणते. तिला जमत नाही. ती ते आधी म्हणते आणि मग समोरची सावध होते. तू हात पिरगाळून झाल्यावर म्हणायचीस.

आता नमुना ग. हा घट्ट आहे. किती घट्ट ते मी मोजलं आहे, पण आकडा लिहीत नाही, तुझा विश्वास बसणार नाही. घालताना त्रास झाला नाही. वर्गातून घरी आले, काढायला घेतला, आणि तो खांद्यापर्यंत येऊन थांबला. दोन्ही हात वर, डोकं आत, नाकावर ओलं कापड, आणि घरात कोणी नाही. मी शांतपणे विचार केला. (तू असतीस तर म्हणाली असतीस, हिला बुडतानाही पाण्याची खोली मोजायची असते.) भिंतीला धरून दारापर्यंत गेले, कडी कोपराने काढली आणि तशीच जिना उतरून खालच्या मजल्यावरच्या गुरुजींच्या दारावर डोक्याने ठोकलं. गुरुजीबाईंनी दार उघडलं. त्याही शिक्षिकाच, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी आवाज शाळेतलाच. "कोण आहे? हात खाली घे आधी!" हात खाली येत नाहीत हीच अडचण आहे, असं मी कापडातून सांगितलं. मग त्यांनी बाह्या धरल्या, गुरुजींनी त्यांना मागून धरलं, आणि मी एकदाची बाहेर आले. "हे घालतात कशाला?" त्यांनी विचारलं. चटईवर लोळताना कातडी सोलू नये म्हणून, असं मी सांगितलं. "मग लोळू नये," त्या म्हणाल्या. गुरुजींनी चहा दिला. "तुझी मावशी कधी येणार?" असंही विचारलं. माहीत नाही म्हटलं. चहा चांगला होता.

या प्रसंगानंतर मी तक्त्यात एक रकाना वाढवला: अंगातून काढायला लागणारा वेळ. एकटीने, चार मिनिटं दहा सेकंद (ग वगळून सरासरी). तू असताना आपण कधी मोजला नव्हता, पण मला आठवतं त्याप्रमाणे तू दारातच म्हणायचीस, "वाक," मी वाकायचे, तू ओढायचीस, आणि मग तू वाकायचीस आणि मी ओढायचे. अंदाजे सहा सेकंद. हा आकडा तक्त्यात घेता आला नाही, कारण तो पुन्हा मोजून पडताळता येत नाही.

राहिला नमुना घ. मावशी, घ मध्ये खोट नाही. वर चढत नाही, रंग सोडत नाही, शिवण टोचत नाही, घासयंत्रावर तीस हजार फेऱ्या झाल्या तरी भोक पडलं नाही. सगळ्या रकान्यांत पास. आणि शेवटी मी त्याला नापास केलं. शेरा लिहिला, "इतर". वस्तादांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "इतर म्हणजे काय गं?" मी म्हटलं, संदर्भ नमुन्याशी जुळत नाही. "कुठला संदर्भ नमुना?" आता संदर्भ नमुना म्हणजे तू कपाटात सोडून गेलेला तुझा जुना जांभळा रॅशगार्ड, उजव्या कोपराला तू टाके घातलेला. हे मी सांगितलं नाही, पण वस्तादांनी बहुधा ओळखलं, कारण ते एकदम सौम्य झाले, आणि ते सौम्य झालेले मला आवडत नाहीत. "मोजपट्टे," ते म्हणाले (तू मला ठेवलेलं नाव आता सगळा वर्ग वापरतो, त्याबद्दल आभार), "कापड कापडाशी जुळवावं. माणसाशी जुळवू नये."

मी म्हटलं, नोंद घेतली.

तर असं आहे. स्वतःला जप. रात्रपाळ्या ओळीने लावून घेऊ नकोस. जेवत जा.

तुझी भाची,
मोजपट्टी

ता. क. – एक गोष्ट वर लिहायची राहिली. राहिली नाही, ठेवली. तुलनेसाठी मी तुझा जांभळा रॅशगार्ड प्रयोगशाळेत नेला होता. फॉर्म भरला, "संदर्भ नमुना" लिहून सही केली, आणि फोन आला म्हणून दोन मिनिटं ट्रेमध्ये ठेवला. फॉर्मसकट ट्रेमध्ये असलेली वस्तू न विचारता कापावी, हा आमच्याकडचा नियम. तो मीच लिहिलेला आहे. आमचे कातरकाका तीस वर्षं कोणाला काही विचारत नाहीत. मी आले तोवर अडतीस मिलिमीटरच्या चार चकत्या निघाल्या होत्या: पाठीवरून दोन, छातीवरून एक, डाव्या बाहीवरून एक. "सही तुझीच आहे, बाई," ते म्हणाले. कोपर तेवढा वाचला, कारण शिवणीवर कातरी लावायची नाही, असाही नियम आहे. दोन चकत्या यंत्रावर लागल्याच होत्या, त्यामुळे निकाल हाती आहे: चार हजार फेऱ्यांत भोक. रंग कच्चा. ताण गेलेला. पाचांत सगळ्यांत शेवटचा. ज्याच्याशी जुळत नाही म्हणून मी घ ला नापास केलं, तो स्वतः एकाही रकान्यात पास होत नाही. चारही चकत्या, दोन भोकं पडलेल्या धरून, पाकिटात जपून ठेवल्या आहेत. टाके घालणारी तू. मला नुसतं मोजता येतं.

ता. क. २ – "इतर" हा शेरा मी मागे घेतला. घ पास. मागणी शनिवारी संध्याकाळी जाते. यादीत अकरा मापं लिहिली आहेत आणि बारावी ओळ रिकामी आहे. माप मध्यम, बाह्या दीड सेंटिमीटर आखूड, हे मला माहीत आहे, ते कळवू नकोस. अकरा की बारा, आकडा तेवढा कळव.

ता. क. ३ – प्रयोगशाळेत चुकीची नोंद खाडाखोड करून झाकत नाहीत. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारतात आणि शेजारी सही करतात. पहिल्या परिच्छेदात मी काही विचारणार नाही, असं एक वाक्य आहे. ते पुन्हा बघ. आता त्यावर रेघ आहे, आणि शेजारी माझी सही.