वरुणाच्या मातीचा रंग

शनिवार, ४ जानेवारी

एकशे बारा फोटो! आणि पक्षी एकाही फोटोत धड नाही.

सहालाच वरुणा गावच्या तळ्यावर पोचले होते. धुक्यात पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, पत्ता नव्हता. मी तिथे आहे हेही काही वेळ विसरले. मग चित्रबलाक उतरले – उंच पाय, शेपटीजवळ गुलाबी पिसं. ते नीट दिसावेत म्हणून मी उठले, आणि सगळे उडाले. वेडी कुठली!

सोबत आलेल्या मंजुनाथने झापलं. देवराज मोहल्ल्यात कॅमेरे दुरुस्त करतो, हा जुना कॅमेरा त्यानेच दिला, आता शिकवतोही. "अक्का, एवढी निळी साडी? मातकट काहीतरी पांघरून बसा. हलायचं नाही. पक्ष्याचा डोळा स्पष्ट आला की फोटो आला, नोडि, बघा तुम्ही."

घरी अप्पांनी फोटो अगदी नाकाशी धरला. "गुलाबी म्हणजे कुठला गं? राणी की कमळ?" मला सांगता येईना.

डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी दसऱ्यापासून कॅलेंडरमागे पडून आहे. ऑपरेशन लांबवलं तर आहे ती नजरही जाईल, असं सांगितलंय. अप्पांचं एकच – "रंगाऱ्याचे डोळे आहेत. मला सगळं दिसतं."

रविवार, ५ जानेवारी

मातकट कापडाचं बोलले, तर अप्पा ताडकन उठले! नऊ वर्षांनी परसात रंगाचं भांडं चढलं. "मातकट कुठला? ओल्या बांधाचा की वाळलेल्या?" जुनी पांढरी चादर घेतली आणि मला बाजारात पिटाळलं. आमच्या घरची रीतच ती – कापड वाळेपर्यंत रंग दुसऱ्या कुणी बघायचा नाही, आणि वाळल्यावर त्याचं नाव आधी रंगाऱ्यानेच घ्यायचं.

परत आले तेव्हा मागच्या खोलीचं दार लावलेलं, आणि अप्पा चक्क गुणगुणत होते.

सोमवार, ६ जानेवारी

कापड गुलाबी आहे.

भडक नाही, सुंदर आहे, पण गुलाबी! अप्पा त्यावरून हात फिरवत म्हणाले, "बघ, वरुणाची माती. सरी? बरोबर ना?"

मी म्हटलं, "हो अप्पा. अगदी माती."

दिवाळीच्या साफसफाईत फळीवरचे रंगाचे डबे मीच इकडचे तिकडे केले होते. म्हणजे अप्पांनी जागा आठवून डबा उचलला. बघून नाही. मोरीचा नळ सोडून खूप रडले.

बुधवार, ८ जानेवारी

चिठ्ठीचा विषय काढला. अप्पा अर्ध्या ताटावरून उठले.

शनिवार, ११ जानेवारी

निघताना अप्पा दारात उभे. "कापड घेतलंस?" घेतलं. दुसरं नेण्याचा धीर कुठून आणू?

मंजुनाथ आधी पोट धरून हसला. मग त्याने सगळं ऐकून घेतलं. "बसा तसंच अक्का," एवढंच म्हणाला.

बांधाखाली गुलाबी गाठोडं होऊन बसले. दोन तास. धुकं अंगावरून जात राहिलं, पाय बधिर झाले, मग पाय आहेत हेच कळेना. डोक्यात काही नाही. असं रिकामं, हलकं कधी वाटलं नव्हतं.

आणि ते आले! एक तर दहा पावलांवर. त्याची पिसं आणि माझ्या गुडघ्यावरचं कापड – तोच रंग. तसूभर फरक नाही. श्वास सोडला, बटण दाबलं. डोळा लख्ख आलाय.

अप्पांची चूक झाली, तीही अशी नेमकी!

रविवार, १२ जानेवारी

फोटो मोठा छापून अप्पांच्या हातात दिला. नाकाशी धरला, उजेडाकडे फिरवला, मग मांडीवर ठेवून दिला. म्हणाले, "माती म्हणालीस, तेव्हाच तुझ्या आवाजावरून कळलं होतं. कुठला रंग पडला? खरं सांग."

"कमळ. या पक्ष्याचाच, अप्पा."

अप्पांनी मांडीवरचा फोटो पुन्हा उचलून डोळ्यांशी नेला.

"मग हा मला बघायलाच हवा. काढ ती चिठ्ठी."