थोरल्या जाऊबाईंच्या उजळणी वर्गातून सूट मिळणेबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
जीवरसायन प्रयोगशाळा,
मध्यवर्ती रुग्णालय.

विषय: जीवरसायन व रेण्वीय जीवशास्त्र यांतील पायाभूत संकल्पनांच्या सोमवारच्या उजळणी वर्गातून मला वगळणेबाबत.

संदर्भ: १) जोडीने उजळणी करण्याबाबतचे आपले परिपत्रक.
२) माझ्या आधीच्या अर्जावरील आपले उत्तर.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सादर करते की, वरिष्ठ तंत्रज्ञाच्या एका रिक्त जागेसाठी तोंडी परीक्षा जाहीर झाली, तेव्हा आपल्या परिपत्रकाप्रमाणे माझी जोडी माझ्या थोरल्या जाऊबाईंशी लावण्यात आली. आम्ही दोघी एकाच घरात राहतो व एकाच टेबलावर काम करतो. त्यामुळे मला आनंदच झाला होता, हे नमूद करणे भाग आहे.

अभ्यासक्रम आम्ही वाटून घेतला. डीएनएवरून आरएनए कसा उतरतो आणि त्यावरून प्रथिन कसे बनते, हा भाग माझ्याकडे होता. तो त्यांच्या डोक्यात शिरेना, म्हणून कपड्यांच्या घड्या घालता घालता मी तो पुन्हा पुन्हा समजावला. एन्झाइमचा भाग त्यांच्याकडे होता. एन्झाइमवर मूळ पदार्थाच्या जागी त्याच्यासारखाच दिसणारा तोतया येऊन बसतो, त्या स्पर्धक अवरोधकाबद्दल त्या म्हणाल्या, "तोतया एकदा बसला की बसला. मूळ पदार्थ कितीही ओत, तो हलत नाही." त्या शिकवतात फार छान. मी पुस्तक उघडून पाहिले नाही. आपल्या माणसाने सांगितलेले कोण पडताळून पाहतो?

तोंडी परीक्षेत नेमके तेच विचारले गेले. मी ठणकावून उत्तर दिले. परीक्षक बाईंनी चष्मा काढून विचारले, "नक्की?" मी म्हणाले, "नक्की." माझ्यानंतर जाऊबाई आत गेल्या. जागा त्यांना मिळाली.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी मी ताटे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले, तेव्हा त्या आपल्या मुलीचा, म्हणजे माझ्या अकरावीतल्या पुतणीचा अभ्यास घेत होत्या. "अगं, बसू दे तोतयाला. मूळ पदार्थ भरपूर वाढवला की तो मागे हटतो, आणि क्रियेचा वेग पुन्हा होता तेवढा होतो." ताटे हातातच राहिली. मी विचारले, "वहिनी, मला उलटं का सांगितलंत?" पोरीला बाहेर पाठवून त्या शांतपणे म्हणाल्या, "दोघींचं सारखं आलं असतं तर नोकरीत तू जुनी, जागा तुलाच गेली असती. घरात थोरली मी, आणि तिथे तुझ्या हाताखाली राबू?"

सासूबाई म्हणाल्या, "जागा घरातच आली ना? मग झालं तर." माझे यजमान म्हणाले, "तूच एकदा पुस्तक बघायचं होतंस." त्यानंतर मी घरात हा विषय काढलेला नाही.

फेरपरीक्षा घ्यावी, या माझ्या आधीच्या अर्जावर आपण कळवले की, उजळणी ही कर्मचाऱ्यांची खासगी बाब आहे. महोदय, जोडी आपण लावली होती. तरीही फेरपरीक्षेची मागणी मी याद्वारे मागे घेत आहे. माझ्या प्रत्येक अहवालावर आता त्या 'तपासले' म्हणून सही करतात, तेही मी निमूटपणे सोसते.

परंतु आता उजळणी वर्ग त्यांच्याकडे सोपवून माझी हजेरी सक्तीची केली आहे. पहिल्या वर्गाला मी गेले. त्यांनी फळ्यावर तोच भाग घेतला आणि अगदी बरोबर शिकवला. नव्या मुलींपैकी एकीला समजले नाही, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "सोपं आहे, आमच्या धाकट्या जाऊबाई सांगतील." सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी उभी राहिले आणि बरोबर उत्तर दिले. त्या म्हणाल्या, "शाब्बास!" मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी हात धुण्याच्या निमित्ताने बाहेर गेले आणि वर्ग संपेपर्यंत नळ सोडून उभी राहिले.

तरी माझी परीक्षा आपण स्वतः हवी तेव्हा घ्यावी, पण मला या वर्गातून सूट द्यावी. तशी सूट नियमात बसत नसल्यास, वर्गात मला 'शाब्बास' म्हणू नये, असा लेखी आदेश त्यांना द्यावा, एवढीच विनंती.

उत्तर घरच्या पत्त्यावर न पाठवता माझ्या हाती मिळावे, या अपेक्षेत,
आपली नम्र,
(सही)
तंत्रज्ञ, जीवरसायन प्रयोगशाळा
दिनांक: ९ ऑगस्ट

सोबत: संदर्भातील दोन्ही पत्रांच्या प्रती.