बाबांच्या कबरीवरचं कापड

३ मे, योकोसुका, जपान

तारीख पुन्हा पुढे गेली! टिमोचा फोन होता. "आमा म्हणते, डॉर्कस आल्याशिवाय कापड निघणार नाही. विषय संपला." आमची आई अशीच. डॉर्कस, म्हणजे मी, असेन तरच!

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. मातीला मी नव्हतेच. माझं नौदलाचं जहाज खूप दूर होतं. दगड ऑस्ट्रेलियाच्या केर्न्झ बंदरातून मालवाहू बार्जने आमच्या बेटावर केव्हाच आला, कबरीवर उभा आहे, कापडात गुंडाळलेला. ते कापड निघत नाही तोवर बाबा पुरते गेलेले नाहीत आणि आमाचा दुखवटा संपत नाही. टिमोचाही. माझा धाकटा भाऊ, पण दुखवट्यात वस्तरा लावायचा नाही म्हणून दाढी छातीवर आली आहे म्हणे.

"पोरं मला बायबलातला मोशे म्हणतात, ताई. परवा एकाने विचारलं, समुद्र कधी दुभंगणार? म्हटलं, माझी बहीण तिकडेच असते, तिला विचारा."

हसले. फोन ठेवला.

६ मे

जेवताना नव्या भरती झालेल्या पोरींनी घेरलं. "मॅडम, किती देश झाले तुमचे?" होनोलुलू, सुवा, कोलंबो, सिंगापूर... मी सांगत गेले, त्यांचे डोळे मोठे होत गेले. घरी जायचा विमानखर्च नौदलाचा, समुद्रावर राहिल्याची वेगळी रजा, दूरच्या बेटावर घर असेल तर प्रवासाचे जादा दिवस — हेही मीच समजावलं. एक अक्षर खोटं नव्हतं. मग सांगताना मान खाली का गेली?

संध्याकाळी मुख्यालयाचा निरोप : तुमची रजा फार साठली आहे, वापरा, नाहीतर बुडेल.

वापरा!

१० मे, समुद्रात

कॅप्टनने बोलावलं. मला आणि ह्यूगोला. रसद विभाग आम्हा दोघांवर चालतो, मी प्रमुख, तो माझ्या हाताखाली. "ग्वामला पोचल्यावर तुमच्यातल्या एकालाच सोडता येईल. तुमचं तुम्ही ठरवा. मला मध्ये घालू नका."

ह्यूगोची बायको म्हणाली आहे, या खेपेला आला नाहीस तर घर रिकामं सापडेल. गेल्या वर्षी त्याच्या आईचं ऑपरेशन होतं म्हणून मी मागे राहिले आणि कापडाची तारीख पहिल्यांदा हलली. सगळे मला भली म्हणाले. मी खरंच भली होते? की बाबांच्या कबरीसमोर उभं राहायचं टळलं म्हणून मनातून सुटले होते? तेव्हाही कळलं नव्हतं, आजही कळत नाही.

मेलेला माणूस थांबू शकतो, जिवंत बायको थांबत नाही. हे गणित मला कुणी शिकवलं?

११ मे

ह्यूगोशी बोलले नाही. भ्याले.

१३ मे

आमाशी बोलणं झालं. मध्येच दम लागतो तिला, मग ती फोन तोंडापासून लांब धरते. मला कळू नये म्हणून!

"झग्यांचं कापड आलंय. निळ्यावर पांढरी फुलं. साऱ्या कुटुंबाला एकच. तुझं माप सांग."

"गेल्या वेळी शिवला होतास ना?"

"तो तुझ्या मावशीने घातला. फाडलाही. कंबर सांग."

सांगितली. "एवढीशी? बोटीवर जेवायला देत नाहीत का गं तुला? आणि म्हणे जेवणखात्याची साहेबीण!"

मग टिमोने फोन घेतला, बाहेर जाऊन बोलला. डॉक्टरीण म्हणते, आमाला ताबडतोब थर्सडे आयलंडच्या दवाखान्यात हलवा, हृदय थकलंय. आमा ऐकत नाही. आधी कापड. दगडावर काय कोरायचं तेही तिने एकटीने ठरवलं, टिमोलासुद्धा सांगत नाही.

"शेवटचं सांगतो, ताई. पाहुण्यांना पक्की तारीख कळवलीय, एक जून. आता हलवणार नाही. आलीस तर कापडाला ये. नाहीतर थेट तिच्याच मातीला ये."

असं बोलायला नको होतं त्याने. पण चूक काय बोलला?

१४ मे

ह्यूगोला सांगितलं. मी जाते आहे.

तो कपाटाची कडी उगाच उघडत-लावत राहिला. मग म्हणाला, "गेल्या वेळी तुम्ही मला जाऊ दिलंत. आता मी कुठल्या तोंडाने नको म्हणू?" दारापर्यंत गेला, मागे वळला. "बायकोला काय सांगू, तेवढं सुचवा मॅडम. तुम्ही शिकलेल्या आहात."



२१ मे

ग्वाम एका दिवसावर असताना जहाज वळलं! मासेमारीची एक बोट बेपत्ता आहे, तीन माणसांसह. शोध चालणार, ती सापडेपर्यंत किंवा आशा संपेपर्यंत.

दुर्बीण घेऊन मीही उभी राहिले. डोळे पाण्यावर आणि मनात एक जून. आज दुपारी मनात आलं — बुडाले असतील, चला आता. आलं. तसंच आलं. इथेही लपवायचं तर लिहायचं कशाला?

२३ मे

सापडले. तिघेही जिवंत, उलट्या बोटीच्या पाठीला धरून. एकाला वर घेतलं तेव्हा त्याने माझी बाही सोडलीच नाही. मी हमसून रडले. सगळ्यांना वाटलं, त्यांच्यासाठी.

२९ मे, केर्न्झ

ग्वाम, मनिला, ब्रिस्बेन, केर्न्झ. उद्या हॉर्न आयलंड, तिथून छोटं विमान. ते मिळालं की घर. देवा, मिळू दे. आमाला राहू दे. पोरीसारखी बडबडतेय मी.

३० मे, हॉर्न आयलंड

वाऱ्यामुळे छोटं विमान उडत नाही. उद्याचंही सांगता येत नाही, म्हणे.

टिमोला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "जेवणावळीसाठी समुद्रगाय कापलीय, कासवं आणलीत, जमिनीतली भट्टी उद्या पेटणार. मांस कुणासाठी थांबत नाही, ताई. तू तिथेच थांब. मी डिंगी घेऊन येतो."

"या वाऱ्यात?"

"मग काय, तुझ्या कॅप्टनला विचारू?"

३१ मे, मबुयाग

पोचले!

सगळी वाट लाटा अंगावर. जन्म नौदलात गेला आणि त्या डिंगीत मी तळाशी बसून दोन्ही हातांनी फळी धरली होती. टिमो दाढीतलं पाणी पिळत ओरडला, "नौदलात आहेस ना? मग माझ्या बोटीत ओकायचं नाही!" ओकले.

आमा किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसली होती. केवढीशी झाली आहे! मिठी मारली तर हाताला हाडंच लागली. रडली नाही. माझी कंबर चाचपली नि म्हणाली, "माप बरोबर सांगितलंस." रात्रभर लांबून तिचा श्वास ऐकत पडले. उद्या कापड निघालं की परवाच तिला दवाखान्यात न्यायचं. रजा आहे भरपूर. सगळी वापरीन. प्रत्येक दिवस तिच्या खाटेशी.

१ जून

कापड सोयऱ्यांनी ओढलं. रक्ताच्या माणसांनी ओढायचं नसतं.

बाबांचं नाव. खाली आमाचं नाव. तिचं जन्मसाल, एक रेघ आणि पुढे गुळगुळीत मोकळी जागा. गाणं म्हणणारे थांबले. निळ्या झग्यातली आमा माझा हात धरून हळूच म्हणाली —

"तुला परत परत कुठे सोडतात, बाळा? म्हटलं, एकाच सुट्टीत दोन्ही बघून जा. तारीख टिमो कोरेल. तेवढ्यासाठी येऊ नकोस."