गार ब्रेक

१२ ऑक्टोबर, रविवार

स्वाती आली होती धाराशिवहून. पांढऱ्या गाडीवरची ताडपत्री काढा म्हणाली. नितीन गेल्यापासून गॅरेजच्या मागच्या शेडकडं मी फिरकत नाही. मार्चमध्ये तेवढं बॉनेट, रेडिएटर, डावं मडगार्ड बदललं आणि झाकून टाकली. कशासाठी दुरुस्त केली तेही धड सांगता येणार नाही.

म्हणते डिसेंबरात सोलापूरला ऑटोक्रॉस आहे. मैदानावर कोन मांडून एकेकानं गाडी पळवायची, बायकांचा गट वेगळा. नाव दिलंय. मी विचारलं, कुणाचं? म्हणते, माझं.

धाकट्या भावाची, नितीनची बायको. कॉलेजात फिजिक्स शिकवते, पण लग्नाला आठ वर्षं होऊन माझ्यासमोर दोन वाक्यांच्या वर कधी बोलली नव्हती. आज बोलली.

"ब्रेक तेवढे नीट करून द्या, दादा. ह्यांना करून दिले होते तसे."

हो म्हणालो.

१३ ऑक्टो.

ताडपत्री काढली. आत उंदरांनी संसार मांडलाय. ड्रायव्हर सीटच्या खिशात नि.चे हातमोजे. (पूर्ण नाव लिहवत नाही. नि. पुरे.) मोजे परत तिथंच ठेवले.

चाकं काढली नाहीत. पुढच्या चाकांत कुठले ब्रेक पॅड आहेत ते मला बघावं लागत नाही.

२२ ऑक्टो., पाडवा

नि. जाऊन पहिलं वर्ष, म्हणून घरात दिवाळीचं काही नाही. अण्णा दारात खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत बसले. शेजारच्या शेतातला महादू ट्रॅक्टर घेऊन गेला तसे उठून आत आले. महादूच्याच उसाच्या ट्रॉलीवर नि.ची गाडी आदळली होती. मागं लाल पट्टी नव्हती, दिवा नव्हता, हे खरंच. पोरगा त्याच्यामुळं गेला म्हणत अण्णांनी त्याला आपल्या बांधावरून जायला बंदी केलीय. तो मुकाट्यानं लांबून फेरा घालून शेतात जातो. वर मान करून बघतसुद्धा नाही. मी ते रोज बघतो.

२ नोव्हें., रविवार

स्वा. कागद घेऊन आली. इंटरनेटवरून यादी काढलीय: मोठ्या डिस्क, पॅड दाबणारे चार पिस्टनचे कॅलिपर, खाचा पाडलेल्या डिस्क. अख्खा पगार घालवायची तयारी. तिला चाकाजवळ बसवून दाखवलं. मोठी डिस्क या चाकात बसतच नाही. चाक बदललं की वजन वाढतं. आणि पुढचे ब्रेक वाढवत गेलं की मागचे ड्रम ब्रेक नावालाच राहतात, वळणात गाडी सरळ जायला बघते. खाचांची डिस्क दिसायला झकास, फोटो काढून घ्यायला बरी.

ठरलं ते असं: पुढं साध्या नव्या डिस्क. रबरी पायपांच्या जागी स्टीलच्या जाळीचे पाइप, म्हणजे पेडल दाबलं की लगेच कळतं. ब्रेक ऑइल नवीन, जास्त उष्णता सोसणारं. मागचे ड्रम साफ करून नवे लायनर.

पॅडचं नंतर बघू म्हणालो. तिनं वहीत लिहून घेतलं: पॅड, नंतर. विद्यार्थ्यांचे पेपर तपासते तशीच माझ्याकडं बघत होती.

३ नोव्हें.

जुने पॅड काढले. कडक. अजून निम्म्याहून जास्त आहेत. खोक्यात घालून फळीवर, अगदी वर ठेवले.

दोन वर्षांपूर्वी नि. पहिल्यांदा पुण्याजवळच्या रेसच्या ट्रॅकवर गेला तेव्हा पाचव्या फेरीत ब्रेक ऑइल उकळलं, पेडल थेट खाली. वाळूत जाऊन थांबला. हसत उतरला येडा. मग मीच हे पॅड शोधले. कितीही तापू द्या, हे दमत नाहीत. पण गार असताना हे लागतच नाहीत म्हटलं तरी चालेल. दोन फेऱ्या तापवावे लागतात. म्हणून आमची रीत होती. मी सोबत जायचो, ट्रॅकवर पोचलं की कडक पॅड घालायचे आणि निघायच्या आधी काढून साधे घालायचे. पाना माझ्या हातात, नि. नुसता चहा प्यायचा.

एकदाच ती रीत मोडली.

१६ नोव्हें., रविवार

स्वा.ला मैदानावर सराव दिला. जि. प. शाळेमागं, विटा मांडून, तात्पुरते साधे पॅड घालून. चांगली चालवते. नि.पेक्षा चांगली, असं लिहिताना कसंतरी होतं. तो गाडीशी भांडायचा. ही ऐकून घेते.

नंतर पॅडचा विषय तिनंच काढला. ह्यांचे पॅड कुठं आहेत, तेच घाला. मी समजावलं की ऑटोक्रॉस म्हणजे मिनिटभराचा खेळ. पॅड तापायच्या आत संपतो. इथं पहिल्याच दाबाला धरणारे, मऊ पॅड पाहिजेत. ट्रॅकवरचे कडक पॅड इथं उलट धोक्याचे. सगळं खरं होतं. सगळं खरं बोलत होतो आणि बघत विटांकडं होतो.

"म्हणजे गार असताना ते लागत नाहीत?"
"उशिरा लागतात."
"किती उशिरा, दादा?"

गाडीवर, रस्त्यावर अवलंबून असतं, असलं काहीतरी बोललो. तिनं विटा गोळा केल्या. मीही केल्या.

७ डिसें., रविवार

गाडी न्यायला आली. मऊ पॅड घालून तयार होती. किल्ली देताना सांगून टाकलं. आज सांगायचं असं काही ठरवलं नव्हतं.

जे सांगितलं ते इथं एकदा लिहितो. गेल्या येळवसच्या, म्हणजे शेतातल्या वेळ अमावास्येच्या सणाच्या, आदल्या दिवशी आम्ही ट्रॅकवरून निघालो तेव्हा अंधारून आलं होतं. पॅड घरी जाऊन बदलू म्हटलं. घरी आलो तर अण्णांनी पाने धुवून पेटीत घातलेले, पेटीला हळदकुंकू लावलेलं. येळवसला आपल्याकडं अवजाराला हात लावत नाहीत. बैलाला, नांगराला सुट्टी, तशी अण्णांच्या हिशेबानं पान्यालाही. मी नि.ला म्हणालो, परवा बदलू. हे मी म्हणालो. सकाळी सहाला तो सास्तूरला आत्याला आणायला निघाला. शेतात आंबील प्यायला तिला दरवर्षी आणायचो. हातपाय आखडणारी थंडी, धुकं. ओढ्याच्या पुलाच्या अलीकडं महादूची ट्रॉली. मी तेव्हा अंथरुणात होतो. गाडी सुरू झाल्याचं ऐकलं आणि कूस बदलली.

स्वा. उभीच होती. रडेल, शिव्या देईल असं वाटलं. म्हणाली,

"मला माहीत आहे."

सोलापूरच्या दवाखान्यात नि. तीन दिवस होता. दुसऱ्या दिवशी थोडा शुद्धीवर आला तेव्हा मी खाली औषधं आणायला गेलो होतो. तेव्हा तिला म्हणाला, ब्रेक लागले नाहीत, पॅड तेच होते. दादाला बोलू नको. त्याला लई लागंल.

"ते म्हणाले म्हणून मी गप्प बसले. पण तुम्हाला कुणी गप्प बसवलं होतं, दादा? वर्ष होत आलं. मी वाट बघत होते."

मी किल्ली पुढं केली.

तिनं स्टूल घेतलं, फळीवरचं खोकं काढलं, कडक पॅडचं. गाडीत टाकलं आणि गेली.

९ डिसें.

फोन केला. उचलला नाही.

त्याला लई लागंल. जाताना त्याला माझी काळजी. दुपारी एकाची बाइक दुरुस्त करत होतो, मधेच पाना खाली ठेवून मागं शेडमध्ये जाऊन रडलो. गिऱ्हाईक म्हणालं, काय सापडंना का? म्हटलं, नाही सापडत.

१४ डिसें., रविवार

धाराशिवचा ओळखीचा मेकॅनिक बोलता बोलता म्हणाला, तुमच्या भावजयीनं पॅड बदलून घेतले. नवे काढून जुने कडक घालायला लावले. त्यानं अडवलं तर म्हणाली, मला ठाऊक आहे मी काय करतेय.

पुन्हा फोन. उचलला नाही. मेसेज टाकला: गार असताना जपून. उत्तर नाही. आणखी काय लिहिणार.

१८ डिसें., गुरुवार

उद्या येळवस. यंदा पाहुणे नाहीत, आत्याही नाही. शेतात नुसती पूजा. अण्णांनी पूजेला कडब्याची खोपी, आमची कोप, उभी केली, एकट्यानं. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, तू गॅरेज बघ." संध्याकाळी येऊन पाने धुतले. एकेक पुसून पेटीत. हळदकुंकू. मी बघत उभा होतो. पॅडचं अण्णांना अजून सांगितलेलं नाही.

१९ डिसें., येळवस

सकाळी साडेसातला पांढरी गाडी गॅरेजसमोर. स्वा. खाली उतरली.

पुलाजवळ जाऊन आली होती. एकटी. मागच्या आठवड्यात, पॅड बदलून घ्यायच्या आधी, याच वेळेला तिथं मऊ पॅडवर ब्रेक दाबून बघितले होते, गाडी थांबली तिथं चुन्याची खूण केली होती. आज तोच वेग, तीच जागा, रस्ता मोकळा बघून, कडक पॅडवर. खुणेपासून पुढं पावलं मोजली.

"चौदा पावलं, दादा."

चौदा. नि.नं ब्रेक दाबला तेव्हा ट्रॉली किती लांब होती ते कुणालाच माहीत नाही. महादूला नाही, पोलिसांना नाही. चौदा पावलांत वाचला असता की नसता हे आता कधीच कळणार नाही. तिलाही ते कळत होतं. शिकवते ती. तरी मोजून आली.

बाकावर बसली. मी पाणी दिलं. मग म्हणाली,

"पॅड बदला. मला यावर परत जायचं नाही."

मी पेटीकडं बघितलं. तीही बघत होती. उद्या ये असं मी म्हणू शकत नव्हतो. ते मी एकदा म्हणून बसलोय.

पेटी उघडली. हळदकुंकू हाताला लागलं. डावं चाक काढलं, गाडीतल्या खोक्यातले मऊ पॅड घातले. स्वा.नं नट हातात धरले, एकेक देत गेली. माफ केलं असं मी समजत नाही, समजूही नये. परवा सोलापूरला जाणार का विचारलं. म्हणाली, माहीत नाही.

उजवं चाक काढलं तेवढ्यात अण्णा आले. डोक्यावर आंबिलीची बिंदगी, छोटी घागर, आम्ही शेतात अजून आलो नाही म्हणून बघायला. दारातच थांबले. उघडी पेटी, माझ्या हातातला पाना. बिंदगी खाली ठेवली नाही.

"आज पेटी का उघडली रं?"

स्वा. माझ्याकडं बघत राहिली. हे मीच सांगायचं होतं.

मी म्हणालो, हे चाक बसवतो आणि शेतात येऊन सांगतो. अण्णांनी तिच्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं आणि वळून गेले.

चाक बसलंय. हात धुतले. स्वा. गाडीत बसून आहे, गाडी अजून सुरू केलेली नाही. बांधाच्या पलीकडून महादू लांबचा फेरा घालून त्याच्या शेताकडं चाललाय, त्याच्याही डोक्यावर बिंदगी आहे. अण्णा कोपीपाशी पोचले असतील. निघायला पाहिजे.