फटींतला घोळ

डार्मश्टाट, मंगळवार, २४ जुलै २०१८

नगरपालिकेचं पत्र आलंय. घरासमोरच्या फुटपाथच्या फटींतलं उनक्राउट, म्हणजे तण, शुक्रवारपर्यंत काढा. घर आमचं, फुटपाथ त्यांचा, तण मात्र पुन्हा आमचं! या उन्हात सगळ्या गल्लीची हिरवळ करपली, आणि यांना खुपतं ते जगलेलं तेवढंच.

संध्याकाळी सुरी घेऊन बसले, तर सासूबाई धावत आल्या.

"अगं, तण कसलं? घोळाची भाजी आहे ती! महिनाभर पाणी घालतेय मी."

तांदूळ धुतलेलं पाणी. रोज. म्हणून आमच्याच फटी हिरव्या. घोळ! नाव तरी किती नेमकं.

"अहो आई, नियम आहे."

"मग नियमालाच विचार, ताकातली करू की डाळ घालून?"

मी हसले नाही. हसायला हवं होतं. या घरात त्यांनी स्वतः शोधलेलं काम हे एकच. शेवटी त्यांनीच सगळी भाजी उपटली. जेवताना छान लागली.

नंतर कचऱ्याच्या डब्यामागे एक झुपका दिसला. मुद्दाम ठेवलेला. पत्रावर 'काम पूर्ण' लिहिलं आणि डबा तीस सेंटिमीटर सरकवला. झुपक्याला ऊन मिळेल, पण रस्त्यावरून तो दिसणार नाही, इतकाच.