इंजिन बसलेली होडी

दि. २ मार्च

चि. ढापण्या यास,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, इंजिन सोडून.

पत्र नेहमीप्रमाणे तुझी काकू लिहिते आहे. अक्षर तिचं, शब्द माझे. कुणाबद्दल वाकडं काही आढळलं तर ते माझं समज.

आजोबांच्या माघारी होडी तुझा काका चालवतो. ती हल्ली भर पाण्यात थांबते, हे तुला कुणी कळवलं नसेल. गेल्या महिन्यात दोनदा थांबली. दुसऱ्या खेपेला काका सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसता तरंगत होता. शेवटी दुसऱ्या होडीने ओढून आणला. घरी येऊन म्हणाला, आज मासे नव्हतेच. मी म्हटलं, असतील, पण ओशाळून लांब राहिले असतील. काकूने त्या दिवशी तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा साखर विसरली. (आई नंतर वाचून दाखवायला लावतात, म्हणून हे लिहिलं. — काकू)

आता कामाचं. बर्फाच्या कारखान्यात यंत्र सांभाळायला माणूस हवा आहे. मालक काकासाठी महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला. काकाचं म्हणणं, होडी विकली गेली तर कारखान्यात जातो, नाही गेली तर एक तारखेला इंजिन तारेने बांधून पुन्हा पाण्यात. तो शब्दाचा पक्का आहे, दोन्ही बाजूंनी. तेव्हा तुमच्या पेपरात जाहिरात दे. लिही, होडी चांगली, लाकूड पक्कं, इंजिन बसलंय. लपवू नकोस काही.

लोभ असावा, नसला तर निदान उत्तर असावं.
तुझी आजी
(अंगठा उठवला आहे. शेजारचा डागही त्यांचाच. — काकू)


दि. ६ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. काका दिवसभर पाण्यावर होता हे वाचल्यापासून कामात लक्ष नाही. काल एकच प्रूफ चार वेळा तपासलं. आता ते छापखान्यातलं सगळ्यांत निर्दोष प्रूफ आहे.

जाहिरात दिली. तपासलीही मीच. तुझी भाषा जरा नीट करून घेतली, बोलण्यातलं छापलेलं बरं दिसत नाही. मजकूर असा : मासेमारीची वापरलेली होडी विकणे आहे. लाकूड मजबूत. इंजिन बसवलेले आहे. समक्ष भेटावे.

काकाला म्हणावं, तोवर पाण्यात उतरू नकोस. काकूला नमस्कार. तिने ‘खेपेला’ बरोबर लिहिलं आहे, पण ‘तरंगत’चं अक्षर बिघडलं होतं.

आशीर्वाद असावेत, टोमणे चालतील.
तुझा ढापण्या


दि. १४ मार्च

चि. ढापण्या यास,
आशीर्वाद, पण या वेळी मोजके.

नातवाला चुका शोधायचा पगार मिळतो असं मी आजवर शेजारणीला ऐकवत आले. आता ऐकवणं बंद. अरे, आवाज बसतो, धंदा बसतो, भिंत बसते, तसं आपलं इंजिन बसलं होतं. तू ते बसवलंस.

रविवारी दोघे भाऊ आले. नवीन इंजिन दाखवा म्हणाले. काकाने होतं ते दाखवलं. थोरल्याने विचारलं, हे कधी बसवलं? काका खरं बोलणारा. म्हणाला, वडिलांनी बसवलं, मी शाळेत होतो. धाकट्याने होडीच्या खालीही वाकून पाहिलं. मग त्यांनी आम्हाला लबाड ठरवलं आणि लबाडांच्या घरचा चहा दोन-दोन कप घेऊन गेले.

काका मात्र खुशीत होता. गुणगुणत तार शोधायला गेला. त्याला होडी विकायची नाही, ढापण्या, आणि मला दिलेला शब्दही मोडायचा नाही. गिऱ्हाईकच मिळालं नाही तर त्याचं दोन्ही साधतं. काकूने ती तार माझ्या गादीखाली आणून ठेवली आहे. मला टोचते.

जाहिरात पुन्हा दे. या वेळी शुद्ध करू नकोस.
माया आहेच, ती कापून घेता येत नाही.
तुझी आजी


दि. १७ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

चूक कबूल. नवीन मजकूर : होडीचं लाकूड पक्कं, इंजिन बसलंय. साहेबांनी ‘बसलंय’खाली लाल रेघ मारली. मी ती खोडली. साहेबांची रेघ मी प्रथमच खोडली. काय होतं ते सोमवारी कळेल.

काका थांबला आहे ना, तेवढं लगेच कळव.
लोभ उरला असल्यास वाढावा.
तुझा ढापण्या


दि. २८ मार्च

चि. ढापण्या यास,
पोटभर आशीर्वाद. होडी गेली.

काल इंजिनं दुरुस्त करणारा एक मिस्त्री आला. म्हणाला, एवढं खरं लिहिणारी माणसं कशी दिसतात ते पाहायला आलो. काकाने हँडल मारलं आणि इंजिन पहिल्याच फेऱ्याला सुरू झालं. पाहुण्यांपुढे शहाणं, थेट तुझ्या आजोबांसारखं. काकाचा चेहरा उजळला. म्हणाला, हे तर ठणठणीत आहे, मग विकायची कशाला? मिस्त्री म्हणाला, चालू इंजिनाची होडी मला परवडायची नाही. दोघं एकमेकांचा निरोप घ्यायला लागले.

मी म्हटलं, लाल पिंप तरंगतंय तिथवर एक फेरी मारून या. मिस्त्री उगाच कशाला म्हणाला. मी म्हटलं, मग मी जाते. लग्न होऊन आल्यापासून त्या होडीत मी पाय ठेवला नव्हता. काका नाही नाही म्हणत होता, तोवर मी चपला काढल्या. मग मिस्त्रीलाही लाज वाटून यावं लागलं.

पिंपाच्या अलीकडे इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. काकाने हँडल मारलं. पुष्कळ मारलं. वारा आम्हाला आत नेत होता. मी एक शब्दही बोलले नाही. हे मुद्दाम कळवते, कारण तुला पटणार नाही. शेवटी दोघांनी वल्ही घेतली. काठाला लागेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मिस्त्री घाम पुसत म्हणाला, लाकूड मात्र खरंच पक्कं आहे, इंजिनाचं मी बघून घेईन. व्यवहार तिथेच ठरला.

इंजिन थांबणार हे ठाऊक होतं का, असं काकू विचारते. मला अक्षर कळत नाही, इंजिन काय कळणार?

एक तारखेपासून काका बर्फात. स्वेटर पाठव, मोठ्या मापाचा.
आठवण ठेव, चष्मा पुसत जा.
तुझी आजी

(आई अंगठा देऊन बाहेर गेल्या आहेत, म्हणून हे माझं. काल संध्याकाळी मी तुझ्या काकांच्या हाताच्या फोडांना मलम लावत होते, तेव्हा म्हणाले, आई होडीत असली की किनारा किती लांब दिसतो. मी म्हटलं, आम्हाला इथून होडी रोज तेवढीच लांब दिसते. मग त्यांनी दुसरा हात पुढे केला. — काकू)